विळ्याचे दाते आणि युगांची नावे

१/९
पाषाणयुग, कांस्ययुग, लोहयुग. शालेय इतिहासात ही नावे जिन्याच्या पायऱ्यांसारखी येतात. पुढच्या पायरीवर पाऊल पडले की मागची सुटली, असा समज त्यातून होतो. दातेरी विळ्याचा इतिहास हा समज खोटा ठरवतो.

२/९
ही त्रियुगी विभागणी डेन्मार्कच्या क्रिस्तियान थॉमसन यांची. कोपनहेगनच्या संग्रहालयातील वस्तूंची मांडणी करताना त्यांनी शस्त्रे आणि धारदार हत्यारे कशाची आहेत, हा निकष प्रमुख मानला. १८३६ साली छापलेल्या मार्गदर्शिकेतून ती सर्वत्र पोहोचली. वस्तू लावण्यासाठी ती उत्तम होती. माणसे लावण्यासाठी अपुरी.

३/९
इजिप्तमधील फायूम येथे १९२० च्या दशकात गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांना नवाश्मयुगीन धान्यकोठारांच्या खड्ड्यांजवळील संशोधनात लाकडी विळा मिळाला. दांड्याच्या खाचेत चकमकीच्या दगडाची पाती बसवलेली, आणि पात्यांच्या धारेला एकेक टवका उडवून पाडलेले दाते.

४/९
हा खटाटोप कशासाठी? वाळलेली गव्हाची काडी टणक आणि गुळगुळीत असते. सपाट धार किंचित बोथटली की काडीवरून घसरते, ताट हिसकले जाते आणि पिकलेल्या ओंबीतले दाणे मातीत सांडतात. दाता काडीला पकडतो आणि ओढीसरशी कापतो. वाचलेला प्रत्येक दाणा हे त्या दात्यांचे मोल होते.

५/९
आता पुढचा काळ. फ्लिंडर्स पेट्री यांनी १८८९-९० मध्ये उत्खनन केलेल्या काहून या गावी, इजिप्तच्या बाराव्या राजवंशाच्या काळातही, चकमकीचे दाते बसवलेले लाकडी विळे वापरात होते. तांबे तोवर इजिप्तला नवे राहिले नव्हते. पूर्व भूमध्यसागराच्या किनारी प्रदेशात तर असे दगडी विळे संपूर्ण कांस्ययुग ओलांडून लोहयुगाच्या आरंभापर्यंत टिकले.

६/९
याला मागासलेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. कांस्यासाठी तांबे व कथील दुरून आणावे लागे; चकमक अनेक ठिकाणी शिवारातच मिळे. एक पाते तुटले तर तेवढेच बदलता येई. धातू प्रथम राजाच्या शस्त्रागारात आणि देवळात गेला, शेतकऱ्याच्या हाती सर्वांत शेवटी आला. ‘कांस्ययुग’ हे नाव त्या शस्त्रागाराचे आहे.

७/९
महाराष्ट्रातही याच्याशी जुळणारे चित्र दिसते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांना तांबे ठाऊक होते, तरी रोजच्या कापाकापीचा भार कॅल्सेडनीसारख्या दगडांच्या लहान पात्यांवरच होता.

८/९
लोखंड मुबलक झाले तेव्हा दगड हटला, दाते राहिले. लोहार मऊ पात्याच्या एका अंगावर छिन्नीने जवळजवळ, तिरप्या रेषा पाडतो. दात्यांचा कल मुठीकडे, कारण विळा ओढून चालतो. मग पात्याला पाणी देऊन ते कडक केले जाते. हा क्रम उलटला तर कडक पात्यावर छिन्नीच बोथट होते. दुसरे अंग दगडावर घासले की झिजलेले दाते पुन्हा तीक्ष्ण होतात. हे ज्ञान ग्रंथांतून कमी आणि हातांतून अधिक चालत आले.

९/९
तलवारीच्या पात्यावर पुस्तके निघतात, तिच्यापुढे संग्रहालयात गर्दी होते. ते योग्यच आहे. परंतु ज्या हत्याराने गावे जगवली, त्याची नोंद अडगळीत राहावी हे योग्य नाही. कापणीयंत्र शेतात उतरल्यावर छिन्नीने दाते पाडणारे हात कमी होत जाणारच. तो बदल अडवण्याचे कारण नाही. मात्र ते हात थांबण्यापूर्वी त्यांचे काम पाहून, विचारून, चित्रित करून ठेवणे तरुण इतिहासप्रेमींना सहज शक्य आहे. दगडी पात्यांचे कारागीर काही न सांगता गेले. लोहार अजून सांगू शकतो.