बिरादरी निवडताना

'बिरादरी' हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. फारसीत 'बिरादर' म्हणजे भाऊ. लॅटिन भाषेतील 'फ्रेटर' आणि संस्कृतमधील 'भ्राता' हे शब्दही त्याच कुळातले. 'फ्रेटर'वरूनच 'फ्रॅटर्निटी' हा शब्द आला. अमेरिकेतील महाविद्यालयांत मुलांची जी बंधुमंडळे असतात, त्यांना हे नाव आहे. मुलींच्या मंडळांना 'सोरॉरिटी' म्हणतात. आपण भूमितीत अल्फा, बीटा लिहितो. तीच ग्रीक अक्षरे या मंडळांच्या घरांवर ठळकपणे लावलेली दिसतात.

अठरा वर्षांचा मुलगा घर सोडून दूरच्या विद्यापीठात येतो. ओळखीचे कोणी नसते. अशा वेळी मंडळे आपली घरे नव्या मुलांसाठी खुली करतात, गोड बोलतात, जेवू घालतात. मग पसंत पडलेल्या मुलांना बोलावणे येते. ते स्वीकारले की काही आठवडे उमेदवारी आणि त्यानंतर सभासदत्व. पाहुण्यांपुढे कोणते घर वाईट दिसते? म्हणून घराचा थाट, मेजवान्या किंवा 'अमुक पुढारी आमच्यातलाच' हा अभिमान, यांवरून निवड करणे मला पटत नाही. उमेदवारीच्या काळात बंद दाराआड नव्या मुलाशी कसे वागतात, हे आधी पाहावे.

२०१७ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका विद्यापीठात एकोणीस वर्षांच्या एका उमेदवाराला पहिल्याच रात्री भरपूर दारू पाजण्यात आली. तो जिन्यावरून पडला. घरात इतकी मुले असूनही सुमारे बारा तास कोणी मदतीसाठी फोन केला नाही. तो वाचला नाही. ज्यांना तो भाऊ म्हणणार होता, त्यांना त्याच्या जिवापेक्षा मंडळाची अब्रू मोठी वाटली! आपल्याकडे अशा छळाला रॅगिंग म्हणतात आणि महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ साली कायदा झाला.

पण सगळीच मंडळे टाकाऊ आहेत, असे मी म्हणणार नाही. १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोजकेच होते. गोऱ्यांच्या मंडळांची दारे त्यांना बंद होती. तेव्हा सात जणांनी एकमेकांच्या आधारासाठी 'अल्फा फाय अल्फा' हे मंडळ काढले. पुढे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग त्याचे सभासद झाले. मात्र याच मंडळाच्या काही शाखांवर नंतर छळाबद्दल कारवाईही झाली. नाव एकच असले तरी प्रत्येक महाविद्यालयातील शाखा त्या त्या वर्षीची मुले चालवतात. म्हणून पारख शाखेची करावी लागते.

या मंडळांचा जुना रोग म्हणजे गुप्तता. ग्रीक अक्षरांचे पहिले मंडळ 'फाय बीटा काप्पा' १७७६ साली व्हर्जिनियात स्थापन झाले, तेही गुप्तच होते. १८३१ मध्ये त्याच्या हार्वर्ड येथील शाखेने गुप्ततेची अट सोडून दिली. त्यामुळे मंडळ काही बुडाले नाही. आज ते हुशार विद्यार्थ्यांचा गौरव करणारी संस्था म्हणून ओळखले जाते.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत नवा कायदा झाला. छळाबद्दल दोषी ठरलेल्या मंडळांची नावे महाविद्यालयांनी आता जाहीर करायची आहेत. निवड करणाऱ्याने तो अहवाल आधी वाचावा. मग मंडळात एक वर्ष काढलेल्या मुलाला गाठून विचारावे, "सांगितलेले काम नाकारले तर काय होते? इथले सगळे घरी आईला सांगता येते का?" 'ते आमचे गुपित आहे,' असे उत्तर मिळाले, तर मी तरी त्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही.