चौकोनी पाइपचं वळण आणि आपली भूमिती



आमच्या शाळेतला एक मुलगा दर रविवारी मामाच्या वेल्डिंगच्या दुकानात जातो. चाचणीत त्याला भूमितीत २० पैकी ४ गुण. पण मामाकडे हाच मुलगा खडूने पाइपवर खुणा करतो आणि त्या खुणांवर मामा कटर चालवतो. खूण चुकली तर पाइप वाया, म्हणजे मामा उगाच विश्वास टाकत नसणार. हे कळल्यावर एका रविवारी मीही तिथे जाऊन बसलो.

पॉवर टिलरमागे जोडायची छोटी ट्रॉली बनत होती. शेतातल्या शेतात कापूस, शेणखत, भाजीचे कॅरेट न्यायला. आपल्याकडे बंडी कमी होत चालली, तिची जागा या असल्या ट्रॉल्या घेताहेत. सांगाडा ४० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा. दोन्ही बाजूंचे पाइप सरळ पुढे येतात आणि मग आत वळून नाकाशी, म्हणजे हुकापाशी, एकत्र मिळतात.

मी विचारलं, "पाइप सरळ वाकवत का नाही?" मिस्त्री हसले. गोल पाइपची वाकवायची मशीन चौकोनी पाइपला चालत नाही. चौकोनी पाइप वाकवायला घेतला की बाहेरची भिंत ताणली जाते, आतली दाबली जाते. पातळ सपाट पत्रा तो दाब सोसत नाही, त्याला सुरकुत्या पडतात आणि बाजू फुगतात. चौकोनी डाय असेल तर मोठ्या गोलाईचा बाक येतो, पण जागच्या जागी वळण हवं असेल तर कापच द्यावा लागतो. पाइपच्या तीन भिंतींतून व्ही आकाराचा तुकडा काढायचा, बाहेरची चौथी भिंत तशीच ठेवायची, आणि तिच्यावर पाइप घडी घालायचा. मग टाके मारून जोड भरायचा.

आता प्रश्न असा, की हा व्ही केवढा? पाइप ३० अंश वळवायचा तर व्हीचा कोनही ३० अंश, म्हणजे मध्यरेषेच्या एका बाजूला १५ आणि दुसऱ्या बाजूला १५. उघड्या बाजूला कापाची रुंदी दोन गुणिले ४० गुणिले टॅन १५, सुमारे साडेएकवीस मिलिमीटर. आपल्या पुस्तकातल्या तक्त्यात ०, ३०, ४५, ६०, ९० आहेत, १५ नाही! मिस्त्रींना टॅन माहीत नाही. त्यांनी फरशीवर खऱ्या मापाची आकृती काढली, पट्टीने रुंदी मोजली आणि पाइपवर उतरवली.

पुढची गंमत अशी. दोन्ही पाइप ३०-३० अंश आत वळले की नाकाशी ६० अंशांचा कोन होतो. उरलेले दोन कोनही ६०चे, म्हणजे समभुज त्रिकोण. ट्रॉली ४ फूट रुंद, तर पुढचे दोन हातही ४-४ फूट. ट्रॉलीची लांबी साडेपाच फूट, त्यामुळे एका बाजूला साडेनऊ फूट पाइप लागतो. दोन्ही बाजू मिळून १९ फूट, एका अख्ख्या पाइपात बसतं. माप मात्र बाहेरच्या भिंतीचं धरायचं, कारण तीच अखंड राहते. हे सगळं त्या ४ गुणवाल्या मुलानं मला समजावून सांगितलं.

सांगाडा टॅक करून झाल्यावर मिस्त्रींनी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. समोरासमोरच्या बाजू समान आणि कर्णही समान, म्हणजे चौकट आयत. हे प्रमेय मी कित्येक वर्षं फळ्यावर शिकवतोय. ते का लागतं हे मला तिथे कळलं : एका बाजूने सलग वेल्डिंग केलं की लोखंड ओढलं जातं आणि चौकट तिरपी होते. म्हणून आधी टाके, मग कर्ण, मग आलटून पालटून वेल्डिंग. आणि वळणाच्या जोडावर सगळी ओढ येते, तर तिथे वरून पट्टी मारल्याशिवाय ट्रॉली बाहेर जाऊ द्यायची नाही.

वर्गात मी पुठ्ठ्याचे चौकोनी पाइप करायला लावले. बहुतेक गटांनी दोन्ही बाजूंना ३०-३० अंश कापले आणि पाइप ६० अंश वळला. एकाच गटाचा बरोबर आला, कोणाचा ते सांगायला नको.

आपण वर्धा जिल्ह्यातले. १९३७ च्या ऑक्टोबरात २२ आणि २३ तारखेला वर्ध्यातच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नयी तालीम उभी राहिली. उद्योगातून शिक्षण, ही तिची मूळ गोष्ट. पण आपण नयी तालीम म्हणजे टकळी असंच धरून बसलो. टकळी तेव्हा गावातला जिवंत उद्योग होती. आज आपल्या गावातला जिवंत उद्योग वेल्डिंगचं दुकान आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्याजवळच्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला तो हेच धरून. तिथे मुलं वेल्डिंगही शिकतात. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस सांगितलेत, स्थानिक कारागिरांकडे शिकायला. ते दिवस आपण भाषणात आणि फोटोत घालवतो, हे आपल्यालाही माहीत आहे.

पालकसभेत एक बाई म्हणाल्या, "सर, आमाले पोराले वेल्डर नाई करायचं." त्यांचं चुकत नाही. स्वतः उन्हात राबलेल्या माणसाला पोरगं सावलीत बसावं असंच वाटतं. शिवाय पोरांना फुकट राबवून घेतील ही भीतीही खोटी नाही. म्हणून मी नियम केलेत. मुलांनी मोजायचं, आखायचं, पुठ्ठा कापायचा, कर्ण तपासायचे. कटर आणि वेल्डिंग मिस्त्रींचं. वेल्डिंगच्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, मुलं लांब आणि पाठमोरी. दुकानाचं कुठलंही काम मुलांकडून घ्यायचं नाही.

त्या बाईंना मी एवढंच म्हटलं, की तुमची मुलगी इंजिनिअर झाली तरी तिला व्ही केवढा कापायचा हे आलं पाहिजे. त्या म्हणाल्या, "मंग पोरींनाबी नेता का तिथं?" खरं सांगतो, पहिल्या वेळी मी फक्त मुलांची यादी केली होती. यादी आता बदलली आहे. येत्या शनिवारी सातवीच्या १४ जणी आणि ११ जण जाणार आहेत, सोबत पुठ्ठा, कोनमापक आणि मोजपट्टी घेऊन.