उलाळ गाडी

पुण्यात आमच्या पिढीला सायकल वाहून नेण्याचा प्रश्न असा कधी पडला नाही. फार तर पंक्चर झाली म्हणजे हातात धरून दुकानापर्यंत न्यायची, नाहीतर रात्री वाड्याच्या तीन पायऱ्या चढवून बोळात उभी करायची. तेव्हा चार सायकली एका चाकांवरच्या घराच्या शेपटाला बांधून साडेचारशेहून अधिक किलोमीटर न्यायच्या, हा प्रसंग उतारवयात माझ्यावर यावा याचे माझे मलाच नवल वाटते. या पानाच्या नेहमीच्या वाचकांना गळका नळ, माळ्यावरची अडगळ असल्याच विषयांची सवय आहे. यंदाची अडगळ जरा लांबची आहे, एवढेच. पण हल्ली दर दोन घरांआड एक चिरंजीव तिकडे असतो, त्यामुळे कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमचे चिरंजीव अमेरिकेत, मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतात. मोटारींत बसवायचे सॉफ्टवेअर लिहितात. म्हणजे मोटारीशी संबंध आहे, पण लोखंडाशी नाही. २०२४ सालच्या जुलैत आम्ही उभयता तिकडे गेलो होतो. तेव्हा त्याने एक हलका ट्रेलर घेतला होता. मोटारीमागे जोडायची ही एक खोलीच. तिच्यात पलंग, शेगडी, मोरी, सगळे काही. आमच्या सौभाग्यवतींनी आत शिरून ओटा पाहिला आणि ‘गिरगावात याच्यात सहा माणसं राहिली असती’ असा अभिप्राय दिला.

बेत होता मॅकिनॉ बेटावर जाण्याचा. मिशिगनच्या उत्तर भागात, सरोवरांच्या सांध्यावर हे बेट आहे. तिथे १८९८ सालीच मोटारींना बंदी झाली आणि ती आजतागायत आहे. घोडागाडी, सायकल किंवा आपले दोन पाय. बेटाला वळसा घालणारा सुमारे ८ मैलांचा रस्ता सरकारी दप्तरी राज्य महामार्ग म्हणून नोंदलेला आहे, आणि त्यावरून मोटार जात नाही! हे ऐकल्यावर मुलांनी आपापल्या सायकली न्यायचा हट्ट धरला. चिरंजीवांच्या आणि सूनबाईंच्या विजेवर चालणाऱ्या सायकलीही निघाल्या.

मोटारीत आम्ही सहा माणसे. टपावर त्या विजेच्या सायकली चढवायच्या म्हणजे दोन पैलवान हवेत. शेवटी चिरंजीवांनी एक रॅक आणला आणि ट्रेलरच्या मागच्या बंपरला चार बोल्टांनी आवळला. वर सायकली ठेवल्या, पट्टे बांधले, आणि हात झटकून म्हणाला, ‘‘बाबा, आता हलून दाखवा!’’ मी हलवून पाहिले. हलले नाही. मीही समाधानाने मान डोलावली, हे कबूल करायला हवे.

सकाळी निघालो. डेट्रॉइटहून सरळ उत्तरेला जाणारा मोठा हमरस्ता आहे, त्याने दुपारपर्यंत ग्रेलिंग नावाचे गाव ओलांडले. रस्ता तिथे थोडा चढउताराचा होतो. अशाच एका उतारावर एक अवजड मालट्रक आम्हांला ओलांडून पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलर आधी बाजूला ढकलला गेला, मग परत ओढला गेला, आणि तो पुन्हा जागेवर आलाच नाही. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, दर खेपेस थोडा जास्त. मोटारीचे ढुंगण त्याच्याबरोबर फिरू लागले. मी मागच्या बाकावर होतो. नात माझा दंड धरून होती आणि मला आरशात चिरंजीवांचे डोळे दिसत होते. त्याचा पाय ब्रेककडे गेला तेवढ्यात सूनबाई ओरडल्या, ‘‘ब्रेक नको! ट्रेलरचा ब्रेक!’’

ट्रेलरबरोबर मिळालेले पुस्तक घरात एकट्या त्यांनीच वाचले होते. अशा वेळी मोटारीचा ब्रेक जोरात दाबला की मोटार थांबू पाहते आणि मागचा ट्रेलर तिला ढकलून आडवा होतो. सुकाणू सरळ धरायचे, वेग वाढवायचा पाय उचलायचा, आणि ट्रेलरच्या चाकांना वेगळे ब्रेक असतात त्यांची दांडी चालकाच्या हाताशी असते, ती दाबायची. म्हणजे ट्रेलर मागून ओढला जातो आणि सरळ होतो. त्याने तसे केले. चार-पाच हेलकावे खाऊन गाडी सरळ झाली. मोटारीत कुणी बोलेना. सौभाग्यवतींची जपमाळ पर्समध्ये असते. ती हातात कधी आली कुणाला कळले नाही.

पुढच्या विश्रांतिस्थळावर थांबलो आणि मागे जाऊन पाहिले. सायकली सकाळी ताठ उभ्या होत्या, त्या आता आमच्याकडे पाठ करून मागे कलल्या होत्या. बंपर जिथे चौकटीला सांधला होता तिथला रंग फुटून केसाएवढी चीर दिसत होती. आणखी शे-पन्नास मैल गेलो असतो तर तो सगळा डोलारा मागून येणाऱ्या एखाद्या मोटारीच्या पुढ्यात पडला असता. आमच्या मागे बराच वेळ एक लहानशी मोटार होती, तिच्या मागच्या सीटवर मूल बसवलेले होते. मला ते आठवले आणि मी कठड्यावर बसलो.

तिथे शेजारीच आपला ट्रेलर लावून एक गोरे म्हातारबुवा सँडविच खात होते. उठून आले, वाकून पाहिले आणि बंपरवर बोटाने टकटक केले. आवाज पोकळ आला. नावाला बंपर, पण पातळ पत्र्याची ४ इंची चौकोनी नळी ती! अशा पुष्कळ ट्रेलरांत तिचे मुख्य काम म्हणजे मोरीचे सांडपाणी सोडायचा रबरी पाइप पोटात ठेवणे. म्हातारबुवा म्हणाले, वजन उचलायला ती केलेलीच नाही. शिवाय ट्रेलर हलका म्हणजे काय, तर कारखानदाराने खालच्या चौकटीतही लोखंड वाचवलेले असते. सायकलींचे रॅक विकणारे बरेचजण आपल्या पत्रकात ट्रेलरवर लावू नका असे छापतात. आम्ही पत्रक काढून पाहिले. छापलेले होते, पाचव्या पानावर, बारीक अक्षरांत.

मी विचारले, घरी हलवून पाहिले तेव्हा तर पक्के होते. त्यावर ते हसले आणि त्यांनी हाताने एक उडी दाखवली. ती मला लगेच समजली, कारण एस.टी.च्या अगदी मागच्या बाकावर बसून कोकणात गेलेल्या माणसाला ती समजवावी लागत नाही. खड्डा चाकाला लागतो, पण आपटतो मागच्या बाकावरचा प्रवासी. चाकांपासून जितके मागे तितकी उडी मोठी. सायकली बंपरच्याही मागे होत्या. उभ्या गाडीत त्यांचे वजन ठरलेले. चालत्या गाडीत प्रत्येक धक्क्याला ते काही पटींनी वाढते, आणि असे हजारो धक्के बसले की सांधा फुटतो.

पण सांध्याचे मी समजू शकत होतो. ट्रेलर झोकांड्या का खाऊ लागला ते मला कळेना. म्हातारबुवांनी आपल्या गाडीतून एक न्हाणीघरातला वजनकाटा, एक फळी आणि एक लोखंडी नळीचा तुकडा आणला. (अशी माणसे जगभर असतात. सदाशिव पेठेत गल्लीला एक सापडेल.) ट्रेलरच्या चाकांना ओंडके लावून त्यांनी तो मोटारीपासून सोडवला. फळीचे एक टोक नळीवर, दुसरे ३ फुटांवर काट्यावर. ट्रेलरच्या दांडीचा पाय नळीपासून १ फुटावर टेकवला. म्हणजे काट्यावर वजनाचा तिसरा हिस्सा येतो. वाचाल त्याची तिप्पट करायची. काटा ७३ पौंड दाखवू लागला. तिप्पट २१९. मग सायकली आणि रॅक उतरवून पुन्हा मोजले. १२०, म्हणजे ३६०.

आणि एकाएकी मी म्हणालो, ‘‘अरे, गाडी उलाळ झाली होती!’’

चिरंजीवांना शब्द कळला नाही. त्याने बैलगाडी चित्रात पाहिलेली. माझे आजोळ कऱ्हाडकडचे. मामा गुळाच्या ढेपा भरून गाडी निघाली की आधी जू हाताने उचलून पाहायचे. हलके लागले तर गाडीवानाला म्हणायचे, ‘‘उलाळ झालीय, दोन ढेपा पुढं घे.’’ ओझे आसाच्या मागे जास्त झाले की दांडी वर उचलते, बैलांच्या गळ्याखालचे पट्टे आवळतात, आणि चढावर तर बैल लटकतोच. फार पुढे झाले तर गाडी धुरजड. मग बैलांच्या मानेवर सगळा भार. मध्ये थोडेसे जुवावर वजन हवे. ते किती, हे मामांच्या तळहाताला माहीत होते. अमेरिकेत ते टक्क्यांत सांगतात: भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढे मोटारीच्या गोळ्यावर पडला पाहिजे.

मी सारा जन्म शाळेत गणित शिकवले. खिशातल्या डायरीच्या मागे तिथेच हिशेब मांडला. विजेच्या दोन सायकली ५५ पौंडांच्या, मुलांच्या २० आणि २५, रॅक ३५. बेरीज १९० पौंड, म्हणजे ८६ किलो. आसापासून त्या ९ फूट मागे. आसापासून दांडीचे तोंड १२ फूट पुढे. १९० गुणिले ९, भागिले १२: पुढचा भार १४२ पौंडांनी उचलला गेला. काटा म्हणत होता १४१! ट्रेलरचे वजन सुमारे ३,००० पौंड. सायकली नसताना पुढे १२ टक्के होते. सायकली लावल्यावर सातांच्याही आत आले. मागे जड आणि पुढे हलका असा ट्रेलर वाऱ्याच्या एका धक्क्याने शेपूट हलवू लागतो, आणि त्या शेपटाच्या टोकाला आम्ही आणखी वजन टांगले होते. मालट्रकचा दोष नव्हता.

‘‘मग पुढे दांडीवरच बांधू या की सायकली,’’ चिरंजीव म्हणाले. तसे रॅक मिळतात, आणि ट्रेलर उचलत असेल तर ते मागच्यापेक्षा पुष्कळ बरे. पण आमचा हिशेब केला तर पुढचा भार ५०० पौंडांच्या वर जात होता आणि मोटारीच्या गोळ्याची मर्यादा ५०० लिहिलेली. म्हणजे धुरजड. शिवाय वळणावर मोटारीचा कोपरा सायकलींना लागतो तो वेगळाच. मागे न्यायच्याच असतील तर लोखंडकाम जाणणाऱ्याकडून बंपरला नव्हे, थेट खालच्या चौकटीला आधार जोडून घ्यायचा, एकदोन हलक्या सायकलींवर थांबायचे, आणि त्यानंतरही दांडीवरचा भार मोजायचा. मागचे लाल दिवे आणि नंबराची पाटी झाकली जात नाही ना, हेही पाहायचे. आमची पाटी सकाळपासून नातवाच्या चाकाआड होती.

मार्ग म्हातारबुवांनीच सुचवला. प्रवासात ट्रेलर रिकामा असतो. सायकली आत ठेवा, आसाच्या वर किंवा किंचित पुढे. तिथे ठेवलेले ओझे पुढे-मागे काही बिघडवत नाही. फक्त ट्रेलरवर चिकटवलेल्या पाटीवर एकूण किती वजन चालते ते वाचून घ्या.

‘‘घरात? सायकली? त्या तेलकट चेनसकट?’’ सौभाग्यवती इतका वेळ गप्प होत्या.

‘‘आई, आत नाही तर इथेच सोडाव्या लागतील,’’ सूनबाई म्हणाल्या.

दोघींची दृष्टादृष्ट झाली. मग सौभाग्यवतींनी स्वतः पलंगावरची गोधडी काढून जमिनीवर अंथरली. जुन्या नऊवारींची, नातवासाठी पुण्याहून नेलेली. पुढची चाके काढली, बॅटऱ्या काढून मोटारीत घेतल्या, पेडलांवर मोजे चढवले, आणि चारही सायकली पट्ट्यांनी टेबलाच्या पायाला जखडल्या. अचानक ब्रेक लागला तर त्या पुढे धावू नयेत म्हणून मागूनही बांधल्या. रॅक सोडवून मोटारीत आमच्या पायांशी. उरलेला रस्ता चिरंजीवांनी ५५ मैलांवर काटा जाऊ दिला नाही. मालट्रक दोनदा ओलांडून गेले. ट्रेलर नुसता शहारला आणि गप्प राहिला. तरीही ते शेजारी आले की मोटारीतले बोलणे आपोआप थांबत होते.

दुसऱ्या दिवशी ट्रेलर मॅकिनॉ सिटीत ठेवून मुलांच्या सायकलींसह बोटीने बेटावर उतरलो. धक्क्यापासून पन्नास पावलांवर भाड्याच्या सायकलींची रांगच रांग उभी होती, सगळ्या मापांच्या. सौभाग्यवती त्या रांगेकडे बघत उभ्या राहिल्या, मग माझ्याकडे. काही बोलल्या नाहीत. मी एक सायकल घेतली आणि बत्तीस वर्षांनी टांग मारली. डाव्या हाताला सरोवर, निळे आणि समुद्राएवढे, पण खारा वास नाही. समोरून घोडे येत होते. नात पुढे जाऊन ओरडत होती, ‘‘आजोबा, मागे कुणीच नाही, चला!’’

परत आल्यावर चिरंजीवांनी बंपरचा सांधा दुरुस्त करून घेतला आणि रॅक विकायला काढला. घेणाऱ्याला आधी पाचवे पान वाचायला लावले. ट्रेलरमध्ये आता एक फळी, नळीचा तुकडा आणि न्हाणीघरातला वजनकाटा कायमचा असतो. गोधडीवर मात्र चेनच्या तेलाचा टीचभर डाग पडला. सौभाग्यवतींनी लिंबू लावले, सोडा लावला, उन्हात ठेवली. गेला नाही. ती गोधडी आम्ही तिकडेच ठेवून आलो.