मूल हवे, मग गोळीची माहिती का नको?

ऱ्हुमॅटॉइड संधिवाताने सुजलेल्या बोटांनी भाकरी थापणाऱ्या आमच्या भगिनीला सासरी रोज विचारतात, 'गोड बातमी कधी?' तिच्या आठवड्याच्या मेथोट्रेक्सेट गोळीबद्दल मात्र कुणीच बोलत नाही. या गोळीने गर्भपात होऊ शकतो, बाळात व्यंग येऊ शकते. म्हणून दिवस राहण्याच्या एक ते तीन महिने आधी ती डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करावी लागते. तोवर गर्भनिरोधक हवेच. लेफ्लुनोमाइड तर शरीरात दीर्घकाळ टिकते. ते बाहेर काढायला वेगळे औषध द्यावे लागते.

पण घाबरून सगळ्याच गोळ्या फेकणे हाही घातच! हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन गरोदरपणातही सहसा चालू ठेवता येतात. आजार आटोक्यात असताना दिवस राहिले तर मायलेकरांचे हित असते.

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले की, पुरेशी माहिती न देता घेतलेली संमती खरी संमती नव्हे. मग चिठ्ठी लिहिताना 'मूल हवे आहे का?' हे विचारणे डॉक्टरांचे कर्तव्य नाही काय? भगिनींनो, आजार लपवू नका. बंधूंनो, पत्नीसोबत दवाखान्यात जा आणि प्रश्न विचारा. माहिती ही भीक नव्हे, तो हक्क आहे!