डोंगरातलं झाड डोंगरातच राहू द्या

बोन्साय म्हणजे झाडाचा छळ, असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. कुंडीतल्या झाडाला रोज पाणी मिळतं, दोन-तीन वर्षांनी मुळं छाटून नवी माती मिळते. नीट सांभाळलं तर ते माणसापेक्षा जास्त जगतं. छळ होतो तो दुसरीकडे, आणि त्यात आपले काही फौजी बांधवही आहेत. पोस्टिंग संपली की उंचावरचं एखादं सुंदर वाकडं झुडूप मुळासकट उपटायचं, गोणपाटात गुंडाळायचं आणि सामानाबरोबर घरी न्यायचं. ही हौस थांबायला हवी.

बोन्सायच्या जपानी शैली मुळात डोंगरातली झाडं बघून ठरल्या आहेत. सरळ उभं, वर निमुळतं होत जाणारं खोड म्हणजे चोक्कान. लोलाब खोऱ्यातले देवदार आठवा. खोड नागमोडी, पण शेंडा बुंध्याच्या वर आलेला, ती मोयोगी. उतारावर एका बाजूला कललेलं झाड म्हणजे शाकान. बर्फाच्या ओझ्यानं किंवा दरड सरकल्यानं कड्यावरून खाली लोंबणारं झाड म्हणजे केंगाई. यात शेंडा कुंडीच्या तळाच्याही खाली जातो. काठाच्या खाली पण तळाच्या वर राहिला तर हान-केंगाई. या पाच मुख्य शैली. याशिवाय फुकिनागाशी आहे. सगळ्या फांद्या एकाच दिशेला, जणू वारा आत्ताही वाहतोय. तवांगच्या वाटेवर से-ला खिंडीच्या आसपास ज्यानं ड्यूटी केली आहे, त्याला ही शैली पुस्तकातून शिकावी लागत नाही.

म्हणजे आकार हा त्या जागेचा इतिहास असतो. झाड उपटलं की तो इतिहास तिथेच तुटतो. झाडही बहुधा जगत नाही. उंचावरच्या जुनिपरला हिवाळ्याची कडक थंडी लागते, त्या काळात ते विश्रांती घेतं. सातारा-नागपूरच्या उन्हात ते कसं तगणार? वरून काही महिने हिरवं दिसतं, आत केव्हाच मेलेलं असतं. त्या उंचीवर मनगटाएवढं खोड व्हायला कित्येक दशकं जातात. लडाखमध्ये जुनिपरला शुकपा म्हणतात, पवित्र मानतात, त्याचा धूप जाळतात. ज्या गावानं आपल्याला चहा पाजला, त्या गावचं झाड न विचारता उचलणं फौजीला शोभत नाही.

कुणी म्हणेल, जपानी लोकही डोंगरातून झाडं आणतात, त्याला यामादोरी म्हणतात. खरं आहे. पण जाणकार माणूस ऋतू बघतो, परवानगी घेतो, मुळं सावरतो आणि झाडाला मानवेल अशा हवेत ठेवतो. बदलीच्या आदल्या दिवशी कुदळ मारणं वेगळं.

मग करायचं काय? आकार घरी न्या, झाड नको. फोटो काढा. खोडाचा कोन, पहिली फांदी किती उंचीवर आहे, वारा कुठून येतो, हे वहीत नोंदवा. घरी वड, उंबर, चिंच यांचं रोप घ्या. ही आपल्या हवेतली कणखर झाडं आहेत. किल्ल्याच्या तटाला मुळांनी कवटाळणारा पिंपळ सगळ्यांनी पाहिलेला आहे. दगडावर मुळं पसरलेल्या झाडाची शैली जपानीतही आहे. वडाच्या पारंब्यांना तर जपानकडून काही उसनं घ्यायची गरजच नाही.

तार गुंडाळाल तर साधारण ४५ अंशांत गुंडाळा आणि सालीत रुतण्याआधी कापून काढा. उलगडायला जाल तर फांदी मोडेल.

वरचं झाड मात्र तिथेच राहू द्या. आपल्यानंतर येणाऱ्या पलटणीलाही ते दिसलं पाहिजे.