गढूळ झालेले आकाश

माझ्या एका रुग्णाला आकाशाचे वेड आहे. हे निवृत्त शिक्षक अमावास्येच्या सुमारास गावाबाहेरील माळावर कॅमेरा लावतात आणि ताऱ्यांच्या वाटचालीचे लघुचित्रपट तयार करतात. दर ३० सेकंदांना एक, अशी २५० छायाचित्रे. म्हणजे दोन तासांहून अधिक जागरण, तेव्हा पडद्यावर जेमतेम १० सेकंद! (या हिशेबाविषयी त्यांच्या पत्नीचे मत वेगळे आहे.)

गेल्या हिवाळ्यात रक्तदाब तपासताना ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आकाश फार गढूळ झालंय हो. व्याधाभोवती वलय दिसतं, कृत्तिका तर पुसूनच गेल्यात."

"सर, चित्रीकरणातही तसंच दिसतं?"

ते क्षणभर थांबले. चित्रीकरणात तारे टाचणीच्या टोकासारखे स्वच्छ होते. नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले.

दिवसा वर्तमानपत्र वाचता येते, म्हणून आपण निर्धास्त असतो. परंतु रात्री दिव्यांभोवती वलये दिसू लागणे, समोरच्या वाहनाचा झोत असह्य होणे, ही मोतीबिंदूची लक्षणे असू शकतात. वलयांसोबत डोळा लाल होऊन तीव्र दुखत असेल, मळमळत असेल, तर तो काचबिंदूचा तातडीचा झटका असू शकतो. तेथे एक दिवसही दवडू नये.

आज रात्री गच्चीवर जा. भ्रमणध्वनी खालीच ठेवा, कारण अंधाराला सरावण्यास डोळ्यांना २० ते ३० मिनिटे लागतात. मग एक डोळा झाकून दुसऱ्याने तारा पाहा आणि नंतर उलट.

सरांची शस्त्रक्रिया ठरली आहे. तारीख मात्र त्यांनी पंचांग पाहून, अमावास्या टाळून घेतली!