परभाषेतील विनोद

परकी भाषा शिकणाऱ्यापुढे व्याकरण व शब्दसंग्रह यांच्या मागोमाग आणखी एक अडचण उभी राहते. ती म्हणजे विनोद. इंग्रजी पुस्तके सहज वाचणारा विद्यार्थीही दूरचित्रवाणीवरील एखादी इंग्रजी जाहिरात पाहताना गोंधळून जातो. भोवतालची मंडळी खळखळून हसतात. त्याला मात्र हसण्याचे कारण उमगत नाही. आपले अज्ञान उघडे पडू नये म्हणून मग तोही हसू लागतो. हे खोटे हसूच त्याचे खरे नुकसान करते.

विनोद न समजणे हे मंदबुद्धीचे लक्षण नव्हे. बर्लिट्झ या भाषा शिकविणाऱ्या संस्थेची २००६ सालातील एक जाहिरात पाहावी. बुडत्या जहाजावरील माणूस बिनतारी यंत्रावरून 'वुई आर सिंकिंग', म्हणजे 'आम्ही बुडत आहोत', असा आकांत करतो. जर्मन तटरक्षक दलातील नवशिका तरुण शांतपणे विचारतो, 'कशाविषयी विचार करीत आहात?' 'थिंक' या इंग्रजी शब्दातील पहिला ध्वनी जर्मन भाषेत नाही. म्हणून पुष्कळ जर्मन लोक तो शब्द 'सिंक' असा उच्चारतात. मराठी माणूस तेथे 'थ' म्हणतो. त्याच्या कानाला हे दोन शब्द अगदी निराळे वाटतात. जर्मनांची ही लकब ठाऊक नसेल, तर त्याला हसू कोठून येणार?

कधी शब्द कळतात, पण लोकजीवन कळत नाही. अमेरिकेत १९९३ साली दुधाची एक जाहिरात गाजली. अलेक्झांडर हॅमिल्टनवर द्वंद्वयुद्धात गोळी कोणी झाडली, असा प्रश्न एका माणसाला दूरध्वनीवरून विचारला जातो. १८०४ सालच्या त्या द्वंद्वातील ॲरन बर याचे नाव त्याला पक्के ठाऊक असते. परंतु तोंडात शेंगदाण्याच्या लोण्याचा घास चिकटलेला आणि घरातील दूध संपलेले! त्याला नाव उच्चारता येत नाही व बक्षीस हुकते. ते लोणी टाळ्याला कसे चिकटते, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला शब्दकोश काय साहाय्य करणार?

मराठी शिकणाऱ्याचीही हीच गत होते. 'वक्त्याने एक कोटी केली' हे वाक्य ऐकून एखाद्या परभाषिकाला वक्ता धनवान झाला असे वाटले, तर त्याची टवाळी करणे योग्य ठरेल काय? ही कोटी पैशांची नसून शब्दांची आहे, हे त्याला प्रेमाने सांगणे, हेच सभ्यपणाचे वर्तन होय.

म्हणून विद्यार्थ्याने न समजलेल्या विनोदावर हसू नये; 'यात गंमत कोणती?' असे निःसंकोचपणे विचारावे. विचारणाऱ्याला एक नवा शब्द मिळतो, आणि एका परक्या समाजाची रीतही कळते. जाहिरात लहान असते व पुनःपुन्हा दाखविली जाते. आज ज्या जाहिरातीने त्याला कोड्यात टाकले, तीच उद्या पुन्हा लागेल. त्या वेळी तो इतरांबरोबर मनापासून हसेल.